नार्दूची भाकरी

१७ मे १८६१, शुक्रवार. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात कूपर क्रीक नावाचा एक ओढा आहे. वर्षातला बराच काळ तो वाहत नाही, नुसत्या डोहांची माळ होऊन पडून असतो. त्या ओढ्याजवळच्या वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी जॉन किंग या तरुणाची नजर जमिनीवर गेली आणि तिथंच खिळली. मसुराएवढे टणक, काळपट दाणे मातीत पडले होते. वाकून पाहिलं, तर सगळं सपाट मैदानच त्या दाण्यांनी भरलेलं. हाच तो नार्दू! कित्येक दिवस ते तिघं त्याच्या शोधात होते. आदिवासींनी दिलेली त्याची भाकरी त्यांनी खाल्ली होती, पण तो कुठं उगवतो हे कळत नव्हतं.

विल्यम विल्सनं रोजनिशीत लिहून ठेवलं की या शोधानं त्यांची मनःस्थितीच पालटली. ही वनस्पती हाती आली म्हणजे शहरातून मदत येईपर्यंत ओढ्याकाठी तग धरता येईल, असा त्याचा हिशेब होता. दाणे फुकटचे, मोजदाद नाही इतके, आणि बाजूला पाणी. आणखी काय हवं?

त्यानंतर सहा आठवड्यांत तिघांपैकी दोघं मेले. मरेपर्यंत ते रोज नार्दू खात होते.

रानातली भलतीच वनस्पती खाऊन माणसं दगावल्याच्या गोष्टी जगभर आहेत. ही गोष्ट त्यांच्या शेजारची आहे. इथं वनस्पती बरोबर ओळखली होती. स्थानिक लोक पिढ्यान्‌पिढ्या ती खात होते, ही माहितीही खरी होती. चूक त्यानंतरच्या पायरीवर झाली, आणि ती पायरी आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

ऑस्ट्रेलियात येणाऱ्या युरोपीयांना ही पायरी पहिल्यापासून नडत आली होती. जानेवारी १६९७ मध्ये विलेम दे व्लामिंग या डच कप्तानाचे खलाशी आजच्या पर्थजवळ उतरले आणि तिथल्या सायकड झाडाच्या बिया खाऊन ओकाऱ्यांनी बेजार झाले. १७७० मध्ये जेम्स कुकच्या जहाजावरच्या लोकांनी त्याच जातकुळीच्या बिया खाल्ल्या. त्यांचेही तेच हाल झाले, आणि जहाजावरच्या डुकरांनाही त्या बिया बाधल्या. दोन्ही वेळी तर्क एकच होता: इथले लोक हे खातात, म्हणजे हे खाण्याजोगं आहे. ते लोक त्या बिया फोडून, दिवसचे दिवस पाण्यात भिजत ठेवून, मग भाजून खातात, ही गोष्ट चुलीजवळ पडलेल्या टरफलांवरून कळणार कशी?

पण कूपर क्रीकची कहाणी त्या खलाशांच्या पोटदुखीपेक्षा पुष्कळ मोठी आहे, आणि तिची सुरुवात बँडबाजानं झाली होती.

१८५१ मध्ये व्हिक्टोरिया वसाहतीत सोनं सापडलं आणि दहा वर्षांत मेलबर्न शहर श्रीमंतीनं फुगलं. श्रीमंतीपाठोपाठ हौस आली. ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत तोवर कुणा गोऱ्यानं ओलांडला नव्हता. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियानं त्यासाठी २,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं आणि त्यांचा जॉन स्टुअर्ट नावाचा चिवट प्रवासी मोजकी माणसं घेऊन वारंवार उत्तरेकडे धडका मारत होता. मेलबर्नकरांना हे कसं सहन होणार? तिथल्या रॉयल सोसायटीनं समिती नेमली, वर्गणी जमवली, आणि मोहिमेचा नायक म्हणून रॉबर्ट ओ'हारा बर्कची निवड केली.

बर्क आयरिश होता. पूर्वी ऑस्ट्रियाच्या घोडदळात अधिकारी होता, आता कासलमेन भागात पोलीस सुपरिंटेंडंट. धाडसी, उतावळा, रागीट. रानावनात मुक्काम करत मोहीम चालवण्याचा अनुभव शून्य. विल्स त्याच्या अगदी उलट स्वभावाचा: सव्वीस वर्षांचा इंग्रज, मेलबर्नच्या वेधशाळेत काम केलेला, होकायंत्र आणि ताऱ्यांवरून अचूक जागा काढणारा, मितभाषी. नेता म्हणेल तसं वागायचं, हे त्याचं वळण. हा गुण पुढं त्याच्या जिवावर बेतला असं म्हणावंसं वाटतं.

या मोहिमेत हिंदुस्थानचा धागाही चांगलाच जाड आहे. वाळवंटासाठी उंट हवेत म्हणून जॉर्ज लँडेल्स नावाच्या घोड्यांच्या व्यापाऱ्याला समितीनं हिंदुस्थानात धाडलं. त्यानं वायव्येकडे फिरून २४ उंट जमवले, कराचीहून जहाजात चढवले आणि जून १८६० मध्ये मेलबर्नला उतरवले. सोबत उंटांची निगा राखणारी माणसं आणली. त्यांत दोस्त महंमद होता, बलूच होता आणि साम्ला नावाचा एक हिंदूही होता. मोहिमेच्या शिध्यात गोमांस. साम्लाच्या धर्माला ते चालेना, तेव्हा काही दिवसांतच त्यानं रजा मागितली आणि तो निघून गेला. सात माणसांचे बळी घेणाऱ्या या मोहिमेतून तो असा सुटला! जॉन किंगही याच जहाजातून आला. तो आयरिश शिपाई, १८५७ च्या धामधुमीत पेशावरला होता, आणि उंटांशी त्याचं चांगलं जमत असे.

२० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कातून मोहीम निघाली, तेव्हा पंधरा हजार माणसं निरोपाला लोटली होती. एकोणीस माणसं, सव्वीस उंट, तेवीस घोडे आणि सुमारे वीस टन सामान. त्या सामानात दोन वर्षांचा शिधा होता, ओक लाकडाचं टेबल आणि खुर्च्या होत्या, आकाशात सोडायचे बाण होते, एक चिनी घंटाही होती. उंटांना पाजायला साठ गॅलन रम होती. त्या रमवरून लँडेल्सचं आणि बर्कचं इतकं बिनसलं की लँडेल्स मेनिंडी गावाजवळ राजीनामा देऊन परतला. त्याच्या जागी विल्स उपनेता झाला.

बर्कला घाई होती. स्टुअर्ट पुढं गेला तर? त्यानं मोहिमेचे तुकडे करत करत, सामान मागं टाकत टाकत, नोव्हेंबरात कूपर क्रीक गाठला. तिथं तळ टाकला. ठरलेली मागची कुमक यायची वाट न पाहता १६ डिसेंबरला, ऐन उन्हाळ्यात, तो पुढं निघाला. बरोबर विल्स, किंग आणि चार्ल्स ग्रे नावाचा माजी खलाशी. सहा उंट, बिली नावाचा एक घोडा, आणि तीन महिन्यांचा शिधा. तळावर विल्यम ब्राहेला तीन माणसं देऊन ठेवलं. तीन महिने थांब, असं बर्क म्हणाला. विल्सनं खासगीत चार महिने सांगितले.

फेब्रुवारी १८६१ मध्ये ते उत्तरेच्या आखाताजवळ पोचले. समुद्र मात्र त्यांना दिसला नाही. खारफुटीची दलदल आडवी आली. पाणी खारट लागतंय, भरती-ओहोटी जाणवतेय, एवढ्यावर समाधान मानून ते मागं फिरले. जायला जवळजवळ दोन महिने लागले होते आणि उरलेला शिधा महिन्याभराचाही नव्हता.

परतीच्या वाटेवर पाऊस, चिखल आणि भूक. या टप्प्यावर विल्सच्या रोजनिशीत एक ओळखीची पालेभाजी भेटते: पोर्टुलॅक, म्हणजे आपली घोळ. आंबूस, लालसर देठांची, आपल्याकडे शेताच्या बांधावर आणि बाजारात जुड्यांनी मिळणारी. चौघं ती उकडून खात आणि विल्सला ती फार आवडली. रानातलं खाणं म्हणजे धोका, हे समीकरण घोळीनं खोटं पाडलं, आणि कदाचित थोडा फाजील भरवसाही दिला. घोळ तोडावी, उकडावी, खावी, इतकं ते सोपं असतं. पुढं एक मोठा साप मारून खाल्ला, तेव्हा बर्कला हगवण लागली. १० एप्रिलला बिली घोडा मारावा लागला. ग्रेनं चोरून पीठ खाल्लं म्हणून बर्कनं त्याला मारलं. तो आजारी असल्याचं सोंग करतो असंच इतरांना वाटत होतं. १७ एप्रिलला ग्रे मेला. उरलेल्या तिघांच्या अंगात त्राण असं नव्हतंच. त्याला पुरायला त्यांना एक आख्खा दिवस लागला.

तो एक दिवस महागात पडला. २१ एप्रिलच्या संध्याकाळी ते कूपर क्रीकच्या तळावर पोचले, तर तळ ओस. राख अजून उबदार. ब्राहेची तुकडी चार महिन्यांहून जास्त वाट पाहून त्याच दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास निघून गेली होती. कूलिबा झाडाच्या खोडावर खणा, अशा अर्थाची अक्षरं आणि तारीख कोरलेली होती. खणल्यावर पीठ, ओट, साखर, तांदूळ, थोडं सुकं मांस आणि ब्राहेची चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीत एक जखमी सोडून आपली माणसं आणि जनावरं धडधाकट असल्याचं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, पण त्यामुळं बर्कनं ठरवलं की त्यांना गाठणं अशक्य आहे. आलेल्या वाटेनं मेनिंडीला जावं, असं विल्सचं मत होतं. बर्कनं नैर्ऋत्येला सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेल्या माउंट होपलेसच्या बाजूची वस्ती गाठायचं ठरवलं. होपलेस म्हणजे निराश. डोंगराचं ते नाव आधीच्या एका प्रवाशानं ठेवलं होतं. नावातच इशारा होता म्हणायचा!

निघताना त्यांनी खड्डा पुन्हा नीट बुजवला, वर पूर्वीसारखं दिसेल असं केलं, आणि झाडावर नवी खूण कोरली नाही. ८ मे रोजी ब्राहे खरोखरच परत आला. खड्डा जसाच्या तसा पाहून कुणी आलंच नाही असं समजला, आणि गेला.

आता तिघांजवळ दोन उंट उरले होते, लांडा आणि राजा. लांडा चिखलात रुतला तो निघालाच नाही. काही दिवसांनी राजाही संपला. उंट नाही म्हणजे पाणी वाहून नेता येत नाही, आणि पाणी नाही म्हणजे ओढा सोडता येत नाही. कूपर क्रीकनं त्यांना असं जखडून टाकलं.

पण त्या ओढ्याकाठी माणसं राहत होती. ती उपाशी नव्हती.

यांद्रुवांधा लोकांची ती भूमी. डोहात जाळी टाकून ते मासे धरत, उंदीर कातडीसकट निखाऱ्यात भाजत, शेंगा गोळा करत. या तीन फाटक्या परक्यांना त्यांनी सुरुवातीपासून मासे दिले, नार्दूची भाकरी दिली, चघळायला पितुरी नावाची झिंग आणणारी पानं दिली. विल्सनं त्यांच्या वस्तीत काही दिवस पाहुणचार घेतला आणि त्याबद्दल मोकळेपणानं लिहून ठेवलं. भाजलेले उंदीर त्याला रुचकर लागले. एकदा त्यांनी त्याच्यापुढं कच्च्या नार्दूच्या पिठाची पातळ पेज भांडंभर ठेवली. त्यांच्या दृष्टीनं ते पक्वान्न होतं, आणि विल्सलाही ते मनापासून आवडलं.

तयार पेज प्यायला मिळणं आणि ती कशी करतात ते शिकणं यांत अंतर असतं. ते अंतर पार करायचं तर त्या बायाबापड्यांच्या शेजारी मांडी घालून बसावं लागलं असतं, भाषा शिकावी लागली असती, हे आपल्यापेक्षा जास्त जाणतात असं मनाशी कबूल करावं लागलं असतं. विल्सला बहुधा जमलं असतं. बर्कला नाही. फार सलगी दाखवली तर हे लोक सारखे आपल्या तळावर येऊन बसतील, अशी त्याला भीती. एकानं मेणकापड उचललं तेव्हा बर्कनं पिस्तुलाची गोळी त्याच्या डोक्यावरून झाडली. पुढं एकदा ते मासे घेऊन आले, तर त्यानं ते जाळ्यासकट त्यांच्या हातून उडवले. आपल्याकडे दारी आलेल्या अन्नाला लाथ मारणं म्हणतात, ते इथं जवळजवळ शब्दशः घडलं. अशातच स्वयंपाकाच्या जाळानं त्यांची झोपडी पेटली आणि होतं नव्हतं तेही जळालं. हळूहळू यांद्रुवांधा तिथून हलले. नदीकाठची माणसं ऋतूप्रमाणं जागा बदलतातच. या वेळी त्यांना थांबायला काही कारणही उरलं नव्हतं.

मागं राहिला नार्दू, आणि सोडून दिलेल्या झोपड्यांमधले वाटायचे दगड.

नार्दू हे नेचे आहे. आपल्या भातखाचरांच्या कडेला, डबक्यांत चार पाकळ्यांसारखी चार पानं तरंगताना दिसतात, त्याच कुळातलं. बंगालात त्यातल्या एका जातीची सुषनी म्हणून पालेभाजी करतात. नेच्याला फूल नाही, म्हणून बीही नाही. किंगला मातीत सापडले ते दाणे म्हणजे बीजाणूंच्या टणक कुप्या. पुराचं पाणी ओसरलं की त्या धरतात, आणि वर्षानुवर्षं दुष्काळात तशाच पडून राहू शकतात. वाळवंटात टिकायचं तर कवच असं लोखंडी हवं.

जूनमध्ये तिघांचं आयुष्य या कुप्यांभोवती फिरत होतं. गोळा करणं, निवडणं, कुटणं, शिजवणं, खाणं, पुन्हा गोळा करणं. विल्स अशक्त झाला तेव्हा त्यानं दगडापाशी बसून कुटायचं आणि इतरांनी वेचून आणायचं अशी वाटणी झाली. दिवसाला चार-पाच पौंड नार्दू पडे, म्हणजे दोन किलोच्या आसपास. तिघांना पोट भरायला हे कमी नव्हे. तरीही पाय जड होत होते, उभं राहिलं की गुडघे मोडत होते. थंडीचे दिवस होते, अंगावरचे कपडे चिंध्या झाले होते. विल्सनं वैज्ञानिकाच्या सवयीनं नोंदलं की हे अन्न आपल्याला कुठल्याच रूपात मानवत नाही, आत जातं तसंच जवळपास न बदलता बाहेर पडतं, आणि खाल्लं त्यापेक्षा जास्तच पडतं. हा नार्दू आपल्याला समजतच नाही, अशी कबुलीही त्यानं दिली.

ती कबुली फार नेमकी होती. ते समजायला पुढं शतकाहून जास्त काळ जावा लागला.

बेरीबेरी हा पाय लुळे करणारा, हृदय कमकुवत करणारा रोग पूर्वेकडे जुना. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरला दिसलं की सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लंगडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. कोंड्यातला तो पदार्थ म्हणजे थायमिन, ब-१ जीवनसत्त्व. खाल्लेल्या पिठाची शरीरात ऊर्जा होण्यासाठी तो लागतो, आणि शरीर त्याचा फार साठा ठेवत नाही. काही आठवडे पुरतो इतकाच. त्याच्या अभावाचं वेगळं कोडं उलगडलं अमेरिकेत. १९३२ च्या सुमारास मिनेसोटातल्या एका फार्मवर, फरसाठी पाळलेल्या रुपेरी कोल्ह्यांचे मागचे पाय लुळे पडू लागले. त्यांना कच्चे मासे खायला घालत होते. त्या माशांत एक विकर निघालं जे थायमिनचे तुकडे करतं. म्हणजे जीवनसत्त्व कमी पडतं असंच नाही, खाणंच ते लुटून नेतं. या विकराला थायमिनेज म्हणतात.

तेच विकर नार्दूत आहे, आणि भरमसाट आहे. ऑस्ट्रेलियात नार्दू चरलेल्या मेंढ्यांना मेंदूचा विकार होतो, हे पशुवैद्यांना आधीच दिसलं होतं. १९९४ मध्ये जॉन अर्ल आणि बॅरी मॅक्लिअरी या दोघा संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात या धाग्याची गाठ १८६१ च्या रोजनिशीशी मारली. त्यांचं म्हणणं असं की बर्क-विल्सना भुकेबरोबर बेरीबेरीनं मारलं, आणि ती बेरीबेरी त्यांनी स्वतःच्या हातानं रोज कुटून खाल्ली.

मग यांद्रुवांधा कसे जगले? उत्तर त्यांच्या कृतीत दडलं आहे. आधी त्या कुप्या निखाऱ्यात भाजायच्या. मग दगडावर पाणी घालत वाटायच्या, कवचाचा कचरा दूर करायचा. पिठूळ पाणी भांड्यात उतरवून त्याची पेज करायची. भाजण्यानं आणि भरपूर पाण्यानं विकराचा जोर मोडत असावा, असं मानतात. शिवाय ते लोक निव्वळ नार्दूवर कधी राहिले नाहीत. मासे, शिंपले, उंदीर, शेंगा असा त्यांचा चौरस आहार होता. तिघा परक्यांनी कोरड्या कुप्या कुटून पीठ केलं, आणि ते पीठ उकडलं किंवा त्याच्या भाकरी केल्या. पिठात हे विकर उष्णतेलाही बरंच टिकून राहतं.

कोकणात, ठाण्या-पालघरच्या बाजूला पहिल्या पावसात शेवळं येतात. ती शिजवताना काकडाची फळं घालावी लागतात, नाहीतर घशाला अशी खाज सुटते की जेवणारा जन्मभर शेवळाचं नाव काढणार नाही. विकणारी आदिवासी बाई बहुतेक वेळा शेवळांच्या जुडीसोबत काकडंही देते. घेणारा नवखा असला तर कसं करायचं तेही सांगते. समजा एखाद्यानं जुडी हिसकावून घेतली आणि बाईला हाकलून दिलं. त्याच्या हाती शेवळं राहतील, आणि अर्धी भाजी त्या बाईबरोबर निघून जाईल. बर्कच्या तळावर काहीसं असंच झालं होतं. फरक इतकाच की तिथं खाज सुटून इशारा मिळत नव्हता. नार्दू चवीला निरुपद्रवी आणि पोट भरल्यासारखं वाटवणारा होता.

नार्दूच्या या उलगड्याला शंका घेणारेही आहेत, आणि त्यांच्या बाजूनं एक मुद्दा विल्सच्या शेवटच्या नोंदीतच आहे. आपली नाडी अठ्ठेचाळीसवर आली आहे, असं त्यानं लिहिलं. बेरीबेरीत हृदय जलद धडधडतं. नाडी अशी मंदावते ती उपासमारीत. कवचासकट कुटलेलं ते पीठ पचतच नसेल, तर पोट भरूनही माणूस उपाशीच राहणार. त्यात घोळही संपली, म्हणजे ताज्या भाज्यांअभावी होणारा स्कर्व्ही. त्यात थंडी. तीन-चार मारेकरी एकाच घरात शिरले असतील, तर पहिला वार कुणी केला हे ठरवणं कठीणच. पण त्या सगळ्यांना दार उघडून देणारा नार्दूच होता, यात फारसा वाद उरत नाही.

२७ जूनला विल्सनं वडिलांना शेवटचं पत्र लिहिलं. आपण उपासमारीच्या कडेला आहोत, ते अन्न मिळत नाही म्हणून नव्हे, मिळतं त्यात कस नाही म्हणून, असं त्यानं त्यात सांगितलं. रोगाचं नाव ठाऊक नसताना एवढं अचूक निदान सत्तावीस वर्षांचा सर्व्हेअर करून गेला. रोजनिशीच्या अखेरच्या पानांवर तो म्हणतो की नार्दूवर उपाशी मरणं तसं फार क्लेशाचं नाही, अशक्तपणा आणि हलता न येणं तेवढं वाईट. भूक मात्र छान भागते! डिकन्सच्या कादंबरीतल्या, काहीतरी होईल म्हणून वाट बघत बसणाऱ्या मिकॉबरचीही त्यानं आठवण काढली. मरणाच्या दारात विनोद सुचणारा माणूस दुर्मीळच.

यांद्रुवांधांना शोधून मदत मागायची, हा आता एकच मार्ग होता. तो विल्सला पटला. स्वतः चालू शकत नव्हता, म्हणून त्यानं बर्क आणि किंगला जायला सांगितलं. उशाशी काही दिवसांचा नार्दू, पाणी आणि सरपण ठेवून ते दोघं निघाले. दोन-तीन दिवसांत बर्क कोसळला. मला पुरू नकोस, हातात पिस्तूल ठेव, असं त्यानं किंगला सांगितलं, आणि सकाळी तो गेला. किंग परत फिरला तोवर विल्सही गेला होता.

किंगजवळ बंदूक होती. त्यानं काही पक्षी मारले आणि यांद्रुवांधांची वस्ती शोधून काढली. सुरुवातीला त्यांनी त्याला हे ओझं कशाला अशा नजरेनं पाहिलं. पण कारावॉ नावाच्या एका बाईच्या दंडावर चिघळलेली जखम होती. किंगनं ती धुऊन त्याच्याजवळचं औषध लावलं, आणि त्या दिवसापासून ती आणि तिचा नवरा त्याला आपला मानू लागले. मासे मिळू लागले, तयार नार्दू मिळू लागला. तोच नार्दू, पण जाणत्या हातचा. बर्कचा देह कुठं आहे ते त्यानं त्यांना दाखवलं, तेव्हा ती सगळी माणसं रडली आणि त्यांनी त्या देहावर झुडपांच्या फांद्या घातल्या.

१५ सप्टेंबर १८६१ रोजी आल्फ्रेड हॉविट यांच्या शोधपथकातल्या एडविन वेल्श या स्वाराला ओढ्याकाठी आदिवासींच्या घोळक्यात एक चिंध्या पांघरलेला सांगाडा दिसला. कोण तू, असं विचारलं, तेव्हा त्यानं आपलं नाव सांगितलं. तो मोहिमेतला वाचलेला किंग होता.

मेलबर्नमध्ये चौकशी आयोग बसला आणि त्यानं दोष ब्राहेला, मागची कुमक वेळेवर न आणणाऱ्या विल्यम राइटला आणि थोडा बर्कलाही वाटून दिला. नार्दूची बाजू कुणी तपासली नाही. तपासणार तरी कशी, जीवनसत्त्व हा शब्दच जन्माला यायचा होता. बर्क आणि विल्सच्या अस्थींची जानेवारी १८६३ मध्ये सरकारी इतमामानं अंत्ययात्रा निघाली. रस्त्यावर हजारोंची गर्दी होती. दोन वर्षांनी ब्राँझचा पुतळा उभा राहिला. किंगला गर्दीची धास्ती वाटे. त्याची प्रकृती पुन्हा कधी धड झाली नाही, आणि १८७२ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो क्षयानं गेला.

या साऱ्याआधी, सप्टेंबर १८६१ च्या शेवटी, कूपर क्रीकवरून परतण्यापूर्वी हॉविट यांनी यांद्रुवांधांना एकत्र बोलावलं. सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, कंगवे, रंगीत रुमाल वाटले. मग साखर वाटली. तिची चव त्यांना लगेच कळली. शेवटी गव्हाच्या पिठाच्या पुड्या दिल्या. हे सगळं किंगला जेवू घातल्याबद्दल आहे, हे आपल्याला कळलं असल्याचं त्यांनी खुणांनी सांगितलं. पीठ पाहून त्यांना ते काय असावं हे विचारावं लागलं नाही. त्यांनी त्याला तिथल्या तिथं नाव देऊन टाकलं: गोऱ्या माणसाचा नार्दू.